पिवडी, गेरू आणि नीळ

पहिले घर घेणाऱ्या माणसाला दोन काळज्या असतात. पहिली पैशाची. ती घर घेण्याच्या आधीच सुरू होते आणि हप्त्याहप्त्याने पंधरा-वीस वर्षे पुरते. दुसरी काळजी किल्ली हातात आल्यावर उपटते आणि तिचा निकाल आठ दिवसांत लावावा लागतो. ती म्हणजे, भिंतींना रंग कोणता द्यायचा? दुकानदार रंगांच्या पट्ट्यांचे जाड पुस्तक पुढे सरकवतो. त्यात एकट्या पिवळ्याचीच पानेच्या पाने असतात. नवऱ्याचे बोट एका पट्टीवर, बायकोचे दुसऱ्या पट्टीवर, मुलांचे तिसऱ्या. आणि घरातल्या वडील माणसांना कोणी विचारीतच नाही. शेवटी तडजोड म्हणून बैठकीच्या खोलीला एक, स्वयंपाकघराला दुसरा आणि निजायच्या खोलीला तिसरा असे रंग लागतात. एकेकटा पाहिला तर प्रत्येक रंग चांगला असतो. पण घरातून एक फेरी मारली, की एका दारामागे तीन बिऱ्हाडे नांदत आहेत असा भास होतो.

आपल्या पणजोबांच्या घरांना हा रोग नव्हता. ओसरी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, कुठेही जा. एका खोलीचा रंग दुसरीशी भांडत नसे. याचे श्रेय आपण जुन्या माणसांच्या रसिकतेला देऊन मोकळे होतो. रसिकता होती, नाही असे नाही. पण मला विचाराल तर त्या श्रेयातला मोठा वाटा चुन्याचा आहे.

चुन्याचा स्वभाव पाहण्यासारखा आहे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. कोकण किनाऱ्याला शिंपले भाजूनही तो करीत. या कळीवर पाणी पडले की ती फसफसते, उकळते, फुटते आणि विरते. हा विरलेला चुना पाण्यात कालवून कुंच्याने भिंतीवर फिरवला, की तो वाळता वाळता हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे सफेती करणारा माणूस भिंतीवर रंग लावीत नसतो. दगडाचा एक पातळ पापुद्रा चढवीत असतो.

परंतु हा चुना मोठा जहाल. त्याच्या पंक्तीला कोणीही रंग बसू शकत नाही. भिंत पिवळी करायची म्हणून कोणी चुन्यात हळद कालवली तर काय होईल, हे आपल्या आज्यांना सांगायला नको होते. हळदीला चुना लागला की ती तांबडी होते, कुंकू करण्याची जुनी रीत त्यावरच उभी आहे. आणि तो तांबडा रंगही भिंतीवर फार दिवस राहायचा नाही. बर्लिनमध्ये १७०६ च्या सुमारास एक सुंदर गडद निळा रंग हाती लागला, प्रशियन निळा म्हणून तो जगभर गेला. पण ताज्या चुन्यात घातला की तो तपकिरी पडतो. पानाफुलांच्या बहुतेक रंगांची हीच गत.

मग चुन्याशी पटते कोणाचे? मातीचे. पिवडी म्हणजे पिवळी माती, गेरू किंवा काव म्हणजे तांबडी माती, हिरमजी म्हणजे गर्द लाल माती. हिरमजी हे नावच मुळी इराणच्या आखातातल्या हुर्मुझ बेटावरून आले आहे. त्यांच्या जोडीला काजळी. यादी जवळजवळ संपली. आता गंमत अशी, की पिवडी, गेरू आणि हिरमजी या तिघींचा रंग लोखंडाच्या संयुगांचा. पिवडी तापवली की तिच्यातले पाणी उडते आणि ती तांबडी होते. तेव्हा या सख्ख्या बहिणीच. एक नुकतीच न्हालेली, दुसरी उन्हातून आलेली. शिवाय त्या भिंतीवर चढतात त्या एकाच पांढऱ्या चुन्यात मिसळून, त्यामुळे प्रत्येकीच्या अंगात तो पांढरा असतोच. एवढे नाते असल्यावर माजघराची पिवळी भिंत आणि ओसरीचा तांबडा पट्टा यांचे भांडण व्हायचे कशाला? घरभर एकच सूर राहावा म्हणून आज लोक सल्लागार बोलावतात. जुन्या घरात तो सूर चुन्याने आधीच लावून ठेवलेला असे.

या तुटपुंज्या सामग्रीत माणसांनी काय काय केले! कोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर कावी नावाचे काम दिसते. चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर द्यायचा, तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने कोरायचा, म्हणजे खालचा पांढरा वर येतो. दोनच रंग, पण देव, वेली, हंस, हत्ती सारे त्यात मावतात. ठाणे-पालघरकडच्या वारल्यांच्या झोपडीतही दोनच: गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रे आहेत. तिथे रंग अर्थातच अधिक आहेत, शेवटी तो पेशवाईच्या कारभाऱ्याचा वाडा. पण तिथेही तांबड्या-पिवळ्या मातीची सत्ता पाहणाऱ्याच्या लक्षात येते. गोव्यातली जुनी घरे पाहिलेल्यांना वाटेल की चुन्याची ही मर्यादा तिथे कोणी मानली नसावी. पण तिथलेही पिवळे, तांबडे आणि निळे नीट पाहा. आपलीच मंडळी आहेत. पोर्तुगीज अमदानीत निखळ पांढरा रंग चर्चचा, म्हणून घरांना दुसरे रंग, अशी परंपरा तिथे सांगतात. दर पावसाळ्यानंतर घर नव्याने रंगवायचे, हाही तिथला जुना परिपाठ.

राहिली नीळ. हिची कथा थोडी निराळी आहे आणि मला ती फार आवडते. शतकानुशतके उत्तम निळा रंग मिळे तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून निघणाऱ्या राजावर्त नावाच्या दगडापासून. तो इतका महाग की युरोपातले चित्रकार गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे वेगळे लावून घेत. १८२४ साली फ्रान्समधल्या एका उद्योगसंस्थेने असा निळा कृतीने बनवून दाखवणाऱ्याला ६,००० फ्रँकचे बक्षीस लावले. १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या रसायनज्ञाला मिळाले. त्याच वर्षी जर्मनीत ग्मेलिन यानेही आपली कृती छापली. चिनीमाती, सोडा, गंधक, कोळसा असल्या स्वस्त वस्तूंतून राजांचा निळा निघू लागला आणि पाहता पाहता तो धोब्याच्या हातात आला. नीळ हे नाव मूळचे झाडाच्या निळीचे; ते या नव्या पुडीला मिळाले. धोतर पिवळट दिसू नये म्हणून जी नीळ, तीच भिंत पिवळट दिसू नये म्हणून चुन्यात. हा निळा आम्लापुढे टिकत नाही, पण चुन्यापुढे टिकतो. मातीच्या बहिणींच्या घरात ही जाऊ म्हणून आली आणि रमली. एका खिडकीच्या अंधाऱ्या खोलीत निळसर सफेतीने जो उजेड येतो, तो चाळीत राहिलेल्या माणसालाच ठाऊक.

इथवर मी चुन्याचे गुणगान केले. पण चुन्याला एक दुसरीही आठवण चिकटलेली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीला आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्याने थैमान घातले. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांच्या टोळ्या घरोघर शिरू लागल्या. एक टोळी रोगी शोधणारी, एक जंतुनाशक फवारणारी, एक चुना फासणारी. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तीन इंग्रजी अक्षरांचा शिक्का रंगवीत. बाईमाणसांच्या खोलीत, देवघरात परक्या माणसाने शिरून भिंत पांढरी करायची, हा चुना रोगावरचा इलाज असेलही. लोकांना तो अपमान वाटला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर जे घडले त्याला कारणे पुष्कळ होती. त्यांत हा भिंतींवरचा बलात्कारही होता. आपल्या भिंतीला काय लावायचे हे आपण ठरवायचे, ही भावना माणसात किती खोल असते ते त्या वर्षी दिसले.

पण ठरवणारे किती होते? प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाचे आणि कामगारांचे सारे आयुष्य भाड्याच्या खोलीत गेले. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, तेव्हा घरमालकांचा डागडुजीतला उरलासुरला उत्साहही गोठला. आतल्या सफेतीचा खर्च भाडेकरूने करायचा, आणि तो करायचा तर स्वस्तात स्वस्त म्हणजे चुना आणि नीळ. दिवाळीच्या आधीच्या रविवारी डालडाच्या डब्यात चुना कालवून बाप आणि मुलगे स्टुलावर चढत; चार दिवस अंगाला आणि कपड्यांना निळसर पूड लागे. रंग निवडणे हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता. सहकारी सोसायट्या आणि मालकीच्या सदनिका वाढल्या, १९६३ साली त्यांच्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदाही झाला, तेव्हा कुठे हजारो कुटुंबांना आपल्या म्हणवणाऱ्या चार भिंती मिळाल्या. पहिल्या घराच्या रंगाचा जो घोळ आपण आज घालतो, त्याचे वय हे असे एवढेच आहे.

त्याच सुमारास रंगही बदलले. हावड्याला शालिमारचा कारखाना १९०२ चा, मुंबईत लोअर परळचा गुडलासचा मूळ कारखाना १९२० चा. १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, गिरगावात चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये रंग बनवायला सुरुवात केली. ती एशियन पेंट्स. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी हातात ब्रश घेतलेला एक खट्याळ पोरगा काढला, तो गट्टू. २००२ पर्यंत तो पोरगा नोकरीवर होता! चुन्याच्या जागी डिस्टेंपर आला, मग पाण्यात मिसळणारे पण वाळल्यावर न धुपणारे इमल्शन आले. आणि चुन्याच्या पांढऱ्याची गादी टायटॅनियमच्या पांढऱ्याने घेतली. हा जगातला पांढऱ्यांत पांढरा रंग निघतो काळ्या वाळूतून. केरळच्या किनाऱ्यावर ती विपुल आहे, आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यालाही आहे. या नव्या पांढऱ्याला कोणाचेच वावडे नाही. जांभळा घाला, पोपटी घाला, गुलाबी घाला. तो सर्वांना पोटात घेतो. दुकानातले यंत्र थेंब मोजून हवी ती छटा पाच मिनिटांत घुसळून देते. जुन्या तैलरंगांतले शिसे मात्र बरीच वर्षे आपल्या घरांत राहिले. जिनिव्हाच्या परिषदेने घरांच्या आतल्या रंगकामात पांढऱ्या शिशाला १९२१ मध्येच मनाई सुचवली होती. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला. जुन्या घराचे दारे-खिडक्यांचे रंग कोरडे खरवडताना लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये, ते यासाठी.

असो. चुन्याची मर्यादा सुटली आणि निवड आली. निवड आली की विसंवाद येतो, हा अनुभव युरोपने आपल्या आधी शंभर वर्षे घेतला होता, म्हणून थोडे तिकडे जाऊ.

पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत १८२४ पासून शेव्ह्रल नावाचे रसायनज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. विणकर तक्रार करीत की निळ्या-जांभळ्या कापडाच्या सावल्यांसाठी दिलेला काळा धागा फिका पडतो. शेव्ह्रल यांनी धागा तपासला. इतर कोणत्याही काळ्याइतकाच तो काळा होता. दोष रंगाचा नव्हता, शेजाऱ्याचा होता. पुढे व्यापाऱ्यांचे एक भांडण त्यांच्यापुढे आले. तांबड्या कापडावर काळी नक्षी छापायला दिली होती आणि नक्षी हिरवट दिसते असा व्यापाऱ्याचा दावा होता. शेव्ह्रल यांनी पांढऱ्या कागदाला नक्षीच्या आकाराची भोके पाडली आणि तो कागद कापडावर ठेवला. तांबडे झाकले जाताच नक्षी काळीभोर! १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे, की रंग एकटा कधी दिसत नाही; शेजारचा रंग त्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. पट्टीवर गोड वाटलेला करडा हिरव्या पडद्याशेजारी गुलाबी का भासतो, याचे उत्तर त्यात आहे. हे गृहस्थ १०२ वर्षे जगले. रंगांच्या सहवासात राहूनही!

बर्लिनच्या कडेला फाल्केनबर्ग येथे १९१३ पासून ब्रुनो टाउट या वास्तुशिल्पज्ञाने साध्या उत्पन्नाच्या लोकांसाठी घरे बांधली. नक्षीकामाला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी बाहेरून तांबडे, निळे, पिवळे, हिरवे रंग दिले. लोकांनी थट्टेने वस्तीचे नाव रंगपेटी ठेवले. आज ती वस्ती जागतिक वारशात आहे. टाउट यांनी १९२४ साली घराच्या अंतर्भागावर पुस्तक लिहिले ते गृहिणीला उद्देशून. शोभेची अडगळ काढा आणि भिंतींना बोलू द्या, असा त्यांचा आग्रह. माणूस थोडा विक्षिप्त. स्वतःच्या घराची पूर्वेची बाजू त्यांनी सकाळचे ऊन धरून ठेवावे म्हणून चक्क काळी रंगवली. पण त्या विक्षिप्तपणात एक शहाणपण आहे. रंग आवडीवरून ठरवण्याआधी त्या भिंतीवर उजेड कुठून आणि केव्हा येतो हे त्यांनी पाहिले. आपण तेवढेही पाहत नाही. दुकानातल्या नळीच्या दिव्याखाली पट्टी पसंत करतो आणि पश्चिमेच्या खिडकीच्या खोलीत तो रंग संध्याकाळी भडकलेला पाहून दुकानदाराला दोष देतो.

ल कॉर्बुझिए आपल्याला चंडीगडमुळे माहीत आहेत. बोर्दोजवळ पेसाक येथे १९२६ मध्ये त्यांनी सुमारे ५० घरांची वस्ती उभारली आणि तिला बाहेरून तपकिरी, फिका हिरवा, निळा असे रंग दिले. राहणाऱ्यांनी काय केले? खिडक्या बदलल्या, उतरती छपरे चढवली, रंग पुसून आपल्या मनाचे लावले. मला या रहिवाशांविषयी प्रेम वाटते. पण कॉर्बुझिए यांनीही त्यातून काही घेतले असावे. १९३१ मध्ये सालुब्रा या स्विस भिंतकागद कंपनीसाठी त्यांनी रंगांचे पुस्तक केले. त्यात रंग किती? ४३. बरेचसे पुन्हा मातीचे, निळीचे आणि काजळीचेच, पांढऱ्यात कमी-अधिक मिसळलेले. ते अशा तऱ्हेने मांडले होते, की गिऱ्हाइकाने भोके पाडलेला पुठ्ठा पानावर सरकवावा आणि दोन-तीन रंग शेजारी शेजारी पाहावेत. निवड गिऱ्हाइकाची, पण कुंपण आखलेले. चुन्याने जे न सांगता केले होते, ते या थोर माणसाला पुस्तक काढून करावे लागले.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या एका तरुण जोडप्याने नवे घर घेतले, तेव्हा या साऱ्याचा उपयोग झाला. पंधरा दिवस पट्ट्यांचा खल चालला होता. मुलाच्या आई गिरगावच्या चाळीत एका खोलीत चाळीस वर्षे राहिलेल्या. एके दिवशी सुनेने सहज विचारले, "आई, तुम्हांला कोणता रंग हवा?" त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "मला कधी कोणी विचारलंच नाही गं. नीळ स्वस्त, म्हणून नीळ. माझ्या माहेरी माजघराला पिवडी असायची." रंगाऱ्याला पिवडी हा शब्द ठाऊक नव्हता, तो म्हणाला, "आजी, नंबर सांगा." तेव्हा मुलाने बाजारातून पिवडीची पुडी आणि चुना आणला, फळकुटावर कालवून लावला, वाळू दिला. वाळल्यावर तो ओल्यापेक्षा पुष्कळ फिका झाला, चुन्याचा रंग होतोच तसा. पुठ्ठ्याला दोन भोके पाडून मी त्यांना दिली. फळकुटावरचा रंग एका भोकातून, दुकानाच्या पट्ट्या दुसऱ्यातून, आणि तेही सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर, ज्या त्या खोलीत नेऊन. नव्या गिलाव्याला वाळायला महिनाभर थांबायचेच होते, तो वेळ असा सत्कारणी लागला.

शेवटी माजघर म्हणावे अशा मधल्या खोलीला आणि स्वयंपाकघराला ती पिवडी लागली. बाकी खोल्यांना पांढरा, पण त्या पांढऱ्यातही याच पिवडीचा थेंब टाकून घेतलेला. दारांच्या चौकटी गेरूच्या. नातवाच्या खोलीची खालची चार फूट भिंत गर्द रंगाची असावी, हा माझा आग्रह. शाळेत इतकी वर्षे काढल्यावर पोरांचे हात कुठवर पोचतात ते मला कळते. निळा मुलाला हवा होता, तो एकाच भिंतीला मिळाला, आणि आईंनी त्यावर नाक मुरडले.

वसुबारसेला त्या राहायला आल्या. चपला काढून आधी मधल्या खोलीत गेल्या, भिंतीवरून तळवा फिरवला आणि सवयीने तो उजेडाकडे धरून पाहिला. हाताला काही लागले नव्हते. त्यांनी दुसऱ्या हाताने पुन्हा एकदा पाहिले.